सागाचा रंग

“लाकूड शे ना? मंग लाकूडच दिखू द्या त्याले!”

नव्या घराच्या दाराला रुपचंद चकचकीत व्हार्निश लावत होता, तेव्हा त्याची बायको सुमनबाई आतून असं ओरडली होती. जात्यावर बसल्यासारखा ओढून काढलेला सूर. त्याला चाळीस वर्षं झाली. सूर अजून कानात तसाच.

आता तिच्याच फोटोला फ्रेम करायची होती. रविवारी वर्षश्राद्ध. त्याआधी फोटो भिंतीवर लागायला हवा, आणि चकाकत्या चौकटीत तिला टांगायचं रुपचंदच्या जिवावर येत होतं.

देवपुरातून पांझरा नदीचा पूल ओलांडून तो पाचव्यांदा इसाकभाईच्या फ्रेमच्या दुकानात आला. इसाकने स्टूल पुसून पुढे केलं. दोन चहा सांगूनच ठेवले होते.

“बघा नाना.” त्याने सागाची पट्टी उजेडात धरली.

“पिवळी दिसते हो.”

“मागच्या वेळी लाल म्हणालात. त्याआधी चमक जास्त. वहिनींच्या भाजीतही एवढी खोड काढायचात का?”

“खोड तीच काढायची. मी नुसता ऐकायचो.”

इसाक खळखळून हसला. रुपचंदला मात्र ओशाळल्यासारखं झालं. जन्मभर फ्रेमा करणारा माणूस, आणि आपण एका फ्रेमसाठी त्याला छळतोय.

“तुमच्या घरी कोण असतं?” विषय बदलायला त्याने विचारलं.

“कोणी नाही. मुलगा हसीब भिवंडीला. त्याची अम्मी, जुबेदा, जाऊन तीन वर्षं झाली.”

“त्यांचा फोटो नाही दिसत दुकानात.”

“काढूच दिला नाही तिने कधी. इतक्या लोकांना फ्रेमा करून दिल्या…” तो पट्टीवर उगाच फडकं फिरवत राहिला.

चहा संपला. रुपचंद उठला.

“इसाकभाई, राहू द्या आता. झाल्यात त्यातली कुठलीही द्या. रोज येऊन मी तुमचा खोळंबा करतो. सुमन घेईल समजून.”

इसाकचा हात थांबला. त्याने समोर ठेवलेल्या सुमनबाईच्या फोटोकडे पाहिलं. मग त्याने एक कोरी पट्टी घेतली, पॉलिश पेपरने घासली, चिंधीवर थोडं जवसाचं तेल घेऊन तिच्यावरून एकदाच फिरवलं. लाकडाच्या रेषा हळूच वर आल्या. ना लाली, ना चमक. नुसता साग.

रुपचंद पाहतच राहिला.

“हेच! अगदी हेच. मग इतके दिवस रंग का चुकत होता हो?”

इसाकने चिंधी खाली ठेवली. वर न बघताच तो म्हणाला,

“पहिल्याच दिवशी जमला असता, तर दुसऱ्यांदा तुम्ही कशाला आला असता, नाना? रंग चुकत नव्हता. मी चुकवत होतो.”