काढलेल्या पट्ट्या

वळणावर गाडी झुकू नये म्हणून त्याने हौसेने चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जादा लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. गाडी रस्त्याला चिकटून पळायची, पण प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसायचा. बायकोचा आजार हाडांत पसरला, दवाखान्याच्या वाटेवर ती ओठ आवळून बसू लागली, तेव्हा तिला न सांगताच त्याने त्या काढून टाकल्या.

आज मागच्या सीटवर ती पहिल्यांदाच शांत पडून होती. वळणावर गाडी डोलली, तशी म्हणाली, "पट्ट्या काढल्यास ना?"

"हो. बरं वाटतंय ना?"

"खूप. पण नंतर आठवणीने परत बसवून घे हं."

"नंतर? कशाला?"



डोळे मिटूनच ती म्हणाली, "एकटा असलास की फार जोरात चालवतोस रे तू."