आक्काचा रोजचा निरोप

भाच्याच्या मुलीचं लग्न उरकलं त्या वर्षी, सुट्टीहून परतताना, मावशीनं विमानातल्या रुंद खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दुहेरी टीप मारलीय. पण कोपरा दुमडायला आळस केलाय."

भाचा कसंनुसं हसला. जाताना दोघं साध्या खुर्च्यांत, तिघांच्या रांगेत अंग चोरून बसले होते. येताना त्यानं प्रीमियम इकॉनॉमीची तिकिटं काढली होती. खिडकीकडच्या दोनच खुर्च्या, पाय लांब करायला जागा, बाजूला तिसरं कुणी नाही.

"का रे, सासऱ्याचं घबाड हाती लागलं का?"

"तुझे गुडघे, मावशी."

"गुडघे जातानाही माझेच होते."

त्यानं तोंड फिरवलं. सुट्टीभर तो असाच होता. पांढऱ्या वाळूत माडाखाली बसून राहायचा, डोळ्यांवरचा काळा चष्मा संध्याकाळीही काढायचा नाही. डोळे का लाल, म्हणून विचारलं तर खारं पाणी झोंबतं म्हणायचा. पाण्यात तर फक्त मावशीच उतरत होती.

मावशी आणि तिची थोरली बहीण आक्का, म्हणजे या भाच्याची आई, यांचं शिवणाचं दुकान होतं, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. आक्कानं बेतायचं आणि कापायचं, मावशीनं शिवायचं. आक्का उभ्या जन्मात मशीनवर बसली नाही, मावशीनं कात्रीला हात लावला नाही. त्यामुळे दोघींचं भांडण झालं तरी कापड कधी वाया गेलं नाही. किनाऱ्यावरच्या बाजारात मावशीनं मोठ्या निळ्या फुलांचं कापड घेतलं होतं. ते तसंच अखंड पिशवीत होतं. आक्का कापेल तेव्हा.

आक्काच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. ऑपरेशन करता येईल, पण या वयात भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशीनं तेव्हाच आक्काकडून हातावर हात मारून शब्द घेतला होता, की मला सोडून त्या टेबलावर चढायचं नाही. आक्कानं शब्द दिला. आणि मग हात धुऊन मागेच लागली, "मी धापा टाकत कुठं येणार? तू माझ्या वाटचा समुद्र बघून ये. पोराला घेऊन जा."

फोनवर बोलताना आक्काला धाप लागायची. म्हणून ती रोज संध्याकाळी आवाजातला निरोप पाठवायची आणि भाचा तो किनाऱ्यावर ऐकवायचा. लाटांच्या गडबडीत निम्मं कळायचं, निम्मं नाही.

"कालचा निरोप लाव बरं परत," मावशी म्हणाली. "इथं तरी नीट ऐकू दे."

"झोप ना आता. उद्या घरीच आहोत."

"लाव म्हणते ना."

त्यानं कान झाकणारे मोठे हेडफोन फोनला जोडून दिले. विमानाची घरघर एकदम विझली आणि आक्का कानाशी येऊन बसली. "जेवले गं मी. जास्त आत जाऊ नकोस पाण्यात. बरी आहे मी. उद्या बोलू."

मावशी हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं परत लावलं.

आक्काच्या मागे मशीन चालत होतं. मावशीचं पायमशीन. त्याचा पट्टा तुटून तारेनं जोडलेला होता, आणि तो जोड चाकावरून गेला की टक् व्हायचं. चाळीस वर्षं तो आवाज ऐकून आक्काच्या कानाला तो ऐकूच येईनासा झाला होता. मशीन लांब धावलं, थांबलं, वळलं, परत थोडं धावलं. खिसा. निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट ठेवायला मावशीनं प्रवासाच्या कपड्याला आतून लावला, तो खिसा. मशीनवरचा पाय मावशीचा स्वतःचाच होता.

तिनं हेडफोन काढले.

"हे निरोप तिनं मी घरात असतानाच बोलून ठेवले?"

भाच्यानं हेडफोन उचलून पिशवीत घालायला घेतले.

"बोल रे. का?"

"ऑपरेशन ठरलं होतं, मावशी. आई म्हणाली, ही इथं असली तर मला टेबलावर चढू द्यायची नाही, आणि चढले तर बाहेर बसून माझ्याआधी मरायची."

"मला शब्द दिला होता तिनं."

"म्हणून तर तुला लांब पाठवलं. माझी बायको थांबली तिच्यापाशी, आणि घरी पोचेपर्यंत तुला काही सांगायचं नाही अशी आईनं मला शपथ घातली."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पुढच्या रांगेत कुणीतरी पांघरूण सारखं केलं. खिडकीबाहेर पंखावरचा दिवा उघडझाप करत होता.

"केसानं गळा कापला माझा," ती हळूच म्हणाली. "आजवर तिनं जे कापलं ते मी निमूट शिवलं. हे नाही शिवायची. घरी जाऊ दे, महिनाभर बोलणार नाही तिच्याशी. पाया पडली तरी नाही."

भाच्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले. त्याचे खांदे हलायला लागले. आजूबाजूला खारं पाणी कुठंच नव्हतं.

"किती दिवस झाले?" मावशीनं विचारलं.

आक्का सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी वारली होती, सकाळी, भूल उतरायच्या आधी.