शाल्मलीची झडप

मुलांनो, कल्पना करा, की तुम्ही नवी युक्ती चारचौघांत दाखवताच कंपनीचं यंत्र तिचं पेटंट स्वतःच्या नावावर करून घेतं.

आजारी भावाच्या, नंदनच्या, श्वासयंत्राची झडप फाटली, तेव्हा शाल्मलीने फुग्याच्या रबराची नवी बनवली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तशीच दुसरी तिने हौसेने मांडली. घरी परतली, तर भावाचं श्वासयंत्र बंद पडलेलं.

“ही झडप आमच्या मालकीची आहे. ती काढा,” यंत्र बजावत होतं.

“कुणी सांगितलं होतं मिरवायला?” आई रडत ओरडली. “काढ ती आधी!”

“काढली तर हवा गळेल गं, आई!”

नंदनचे ओठ निळे पडत चालले होते. शाल्मलीने त्याच्या मास्कची नळी यंत्रातून उपटली, तिचं टोक स्वतःच्या तोंडात धरलं आणि त्याच्यासाठी फुंकायला सुरुवात केली.