बैलाएवढा बिबट्या

कुणालाच पटायचं न्हाई, पण बैलाएवढा बिबट्या माझ्या मागं लागला. म्हणून तर भरदुपारी मी सिंधूबाईच्या शेततळ्यात उडी टाकली.

शेततळ्यात पडणं सोपं, निघणं अवघड. तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद आणि त्यावर शेवाळ. पाय टेकवला की सर्रकन घसरून पुन्हा पाण्यात. चार वेळा गटांगळ्या खाल्ल्या, हातापायांतलं बळ सरत आलं, तेव्हा कुठं सिंधूबाई काठावर आली. दोर तिच्या हातात होता, पण टाकीना.

"संतरामभाऊ, हे पाणी हळदीच्या लागवडीला राखलंय. शेळ्यांना द्यायचं न्हाई म्हणून सकाळीच सांगितलं व्हतं. मग इकडं काहून आले?"

"बिबट्या आला बाई! माझ्या बारा शेळ्या पार औंढ्याच्या डोंगराकडं उधळल्या. मी जीव घेऊन पळालो. आधी दोर टाक, बुडून राहिलो ना मी!"

तिनं दोर टाकला. मी दोन्ही हातांनी धरला आणि घसरत, धापा टाकत अर्ध्यापर्यंत वर आलो. तेवढ्यात तिनं मागं वळून बांधाखाली पाहिलं, आणि दोर ओढायचं थांबवलं. माझे हात सुटत चालले होते.

 

"काहो संतरामभाऊ, तुमच्या बाराच्या बारा शेळ्या इथं बांधाखाली निवांत पाणी पिऊन राहिल्या. तळ्यातून ही नळी काय बिबट्यानं लावून दिली?"