काचेवरचा गुलाबी घोस

"आई, पाणी पिऊ नका!" केतकी ओरडली. टाकीतली एक गोगलगाय पाण्याबाहेर चढून काचेला चिकटली होती. मंगळावर घरोघरी गोगलगायी पाळत त्या याचसाठी. गोगलगाय वर आली की पाणी बिघडलं.

सासूबाई तांब्या ठेवून वाकून बघू लागल्या. "बिघडलं असतं तर सगळ्याच वर आल्या असत्या. ही बघ, अंडी घालतेय! ही जातच पाण्याबाहेर घालते." काचेवर गुलाबी मण्यांचा घोस होता.

"अंडी कोंबड्यांनीही घातली होती," केतकी म्हणाली. मंगळावर आजवर एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नव्हतं. म्हणूनच सातवा महिना लागला तरी तिने डोहाळजेवणाचं नाव काढू दिलं नव्हतं.

सासूबाईंनी झाकण उचललं. झाकणाखाली आणखी एक घोस होता, जुना, पांढरा पडलेला आणि पोकळ. केतकीने घाईघाईने पाण्यात पाहिलं. शेवाळावर मोहरीएवढे शंख चक्क चालत होते!

"आई," ती म्हणाली, "माझ्यासाठी आणलेली ती हिरवी साडी कुठे लपवलीत हो?"

साठीच्या सासूबाई एका उडीत कपाटापाशी पोचल्या.