एखादा कठीण प्रसंग सांगा

“कुणाचा विश्वास बसणार नाही मॅडम, पण ती आग मी एकटीनं विझवली,” मुलगी मुलाखत घेणाऱ्या मॅडमना म्हणाली. कॉलेजात भरतीला आलेली ही वर्षातली शेवटची कंपनी. आधीच्या पाच कंपन्यांनी ‘एखादा कठीण प्रसंग सांगा’ म्हटल्यावर तिची दातखीळ बसली होती. लाडात वाढलेल्या पोरीवर प्रसंग येणार कुठून? शेवटी नोकरी-मार्गदर्शनाच्या सरांनीच काल तिला एक प्रसंग दिला: प्रयोगशाळेला आग लागते, ती एकटीनं ती विझवते आणि बेशुद्ध शिपाईमामांना पाठीवर घेऊन दोन मजले उतरते.

मॅडम नुसतं पेन टेबलावर वाजवत राहिल्या. तसा मुलीचा धीर सुटला आणि जीभही सुटली. दोनाचे चार मजले झाले. मामा नव्वद किलोंचे झाले. ती स्वतः फुंकरीनं उडेल अशी.

“मग?” मॅडमनी विचारलं.

“मग मामा शुद्धीवर आले, म्हणाले, पोरी, माझी चप्पल वरच राहिली गं. मी परत वर गेले!”

मॅडमनी पेन ठेवलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“थापा मारतेस. बारा वर्षांपूर्वी तू बसलीयस त्याच खुर्चीत मुलाखत देताना तुझ्या सरांच्या त्या मामांना मी खाली उतरवलंय. दोनच मजले होते, आणि चप्पल त्यांच्या पायातच होती.”