हंबरणारं पुस्तक

यमदूताचा रेडा टेम्पोखाली अडकला, तेव्हा सौरव नाकाडे चपलांच्या रॅकवर एक पाय देऊन असा हंबरला की देवळाच्या ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं. लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. मग ज्याने त्याने आपापल्या चपला रॅकमध्ये सारल्या आणि सगळे कीर्तनाला आत जाऊन बसले. टेबलावरची पुस्तकं होती तेवढीच राहिली.

पुस्तकाचं नाव 'यमदूत इतवारीत'. इतवारीच्या बाजारातल्या एका धान्यवाल्याला न्यायला यमदूत रेड्यावर बसून येतो आणि हातगाड्या, पोती, टेम्पो यांच्या गर्दीत त्याला दुकानच सापडत नाही, असं ते कॉमिक्स. गोष्ट सौरवची, चित्रं सौरवची, छापलंही त्यानंच. त्याआधी तो झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक व्हायचा. तिथं शेताशेजारच्या मांडवात रात्रभर नाटक चालतं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शिवी नीट ऐकू गेली पाहिजे, हा तिथला धर्म. तो सौरवच्या हाडात मुरलेला. कोणी पुस्तक उघडलं रे उघडलं, की त्याच्याने राहवत नसे. यमदूत तोच, धान्यवाला तोच, हवालदार तोच. रेडाही तोच.

दारात बसून फुलवाती वळणाऱ्या यमुताई हा खेळ दुपारपासून बघत होत्या.

"काहून गा बाबू," त्या म्हणाल्या, "सारं तूच करून दाखवतं, तं पुस्तक काय करून राहिलं?"

"लोकायले समजलं पाहिजे ना, आजी."

"समजलं ना. मंग आता ते घेतीन कायले?"

सौरवने टेबलावरची पुस्तकं उगाच नीट रचली. शेजारच्या खुर्चीवर बसलेले चंपतराव मात्र खूश होऊन हसले. ते सौरवच्या जुन्या नाटक कंपनीचे मालक. सौरवला परत न्यायला वडशाहून गाडी घेऊन आले होते.

"आजी बराबर बोलून राहिली," ते म्हणाले. "अरे, तुह्या आवाजावर माहा मांडव भरते. कागदाले का आवाज असते? कीर्तन संपेपर्यंत एक पुस्तक विकून दाखव. नाही विकलं, तं गुपचूप गाडीत बस."

सौरवने होकाराची मान हलवली. यंदा गेलो तर दुसरं पुस्तक निघायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दुसऱ्याची पहिली काही पानं काढून झाली होती. आता उशिरा येणाऱ्या एखाद्याला धरून, समोर उभं करून, सगळं पुन्हा जोरात करून दाखवायचं, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात आत टाळ वाजले. वसंतबुवा कीर्तनाला उभे राहिले.

या देवळाची एक रीत आहे. बुवा उभे राहिले की ओसरीवरही कोणी शब्द बोलायचा नाही. फोन बंद, गप्पा बंद, विक्री करायची तर मुक्याने. सौरव लहानपणापासून इथं येत आलेला. त्याने हात जोडले आणि तोंड मिटलं.

चंपतरावांचे गुडघे वळत नसत, म्हणून ते बाहेर खुर्चीवरच राहिले. ऑक्टोबरचा उकाडा होता. वारा घ्यायला त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं. थोडा वेळ हलवलं. मग हात थांबला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

आत बुवांनी अभंगाचा एक चरण उचलला, अर्ध्यावर आणून सोडला आणि तबल्यावाल्याला हाताने थांबवलं. कीर्तन ऐकणाऱ्यांना ही जागा माहीत असते. बुवा गप्प होतात, आणि उरलेला अर्धा चरण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या आत आपोआप म्हटला जातो. तो बुवांच्या गळ्याहून गोड लागतो. देऊळ सगळं शांत होतं, आणि त्यातलं एक माणूसही गप्प नव्हतं.

त्या शांततेत ओसरीवर कोणीतरी फिसकन हसलं.

यमुताईंनी डोळे वटारले. चंपतरावांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं. खांदे मात्र हलतच राहिले.

सौरव खुर्चीकडे सरकला. कोणतं पान? हवालदाराचं? की रेडा पोत्यातली तूरडाळ खातो ते? विचारायची सोय नव्हती. त्याने मान उंचावून बघितलं, तर चंपतरावांनी पुस्तक आणखी जवळ ओढलं. आजवर माणसं हसली ती त्याच्या तोंडाकडे बघून. हा माणूस त्याच्याकडे बघतही नव्हता. सौरवच्या घशात यमदूत, धान्यवाला आणि रेडा एकमेकांना ढकलत होते. त्याने स्वतःची मूठ चावली.

उत्तररंग झाला. आरती झाली. कपाळाला बुक्का लावून, हातावर खिरापत घेऊन लोक बाहेर येऊ लागले. ओसरी पुन्हा गजबजली. चंपतरावांचा ड्रायव्हर किल्ली वाजवत आला.

"मालक, चला. वडसा दूर हाये. सौरवभाऊची बॅग टाकू का गाडीत?"

चंपतरावांनी मान वर केली नाही. एका हाताने खिसा चाचपून नोट काढली, टेबलावर ठेवली आणि पान उलटलं.

आता बोलायला मोकळीक होती. सौरव वाकला. ते पान त्याला दिसलं. त्याने छातीभर श्वास घेतला, हात उगारला.

"इथं ना मालक, यमदूत म्हणते—"

"चूप राय ना गा," चंपतराव म्हणाले. "वाचून राहिलो."